डब्याची मधली खिडकी

सहकारनगरात दिगंबर पेंडशांच्या घरी जेवायचं टेबल होतं, पण त्यावर कुणी जेवत नसे. त्यावर रूळ होते. जुन्या बाजारात हुडकून आणलेल्या पत्र्याच्या, चावीच्या आगगाड्या तिथे उभ्या असत. पाहुण्यानं बोट पुढे केलं की पेंडसे म्हणत, "डोळ्यांनी बघा, दिसतं."

मूळ रंग उडाला तरी कुंचला लावायचा नाही, हा त्यांचा धर्म. रंगवलेली जुनी गाडी म्हणजे कलप लावलेला म्हातारा!

"गाड्यांना जपता तसं मला जपलं असतंत, तर मीही शिटी वाजवली असती," बायको, श्यामलाबाई, म्हणत.

त्या श्यामलाबाई आता मेंदूज्वरानं इस्पितळात बेशुद्ध पडल्या होत्या. भेटायला सोडत ते फक्त संध्याकाळी. तोवरची दुपार ढकलायला पेंडसे एक विलायती हिरवा डबा पुसत बसत. त्याच्या खिडक्यांत उतारू छापलेले, सगळे एका बाजूनं, एकच गाल, एकच डोळा; त्यात जाळीची टोपी घातलेली एक मडम. तिच्या शेजारच्या, मधल्या खिडकीचा रंग तेवढा पार उडून नुसता पत्रा उरलेला.

आता खोटं वाटेल, पण एका दुपारी त्या पत्र्यावर पांढरा अंबाडा दिसला. दुसऱ्या दिवशी कान. मग नाक, नाकात चमकी.

"बाबा, आईला रंगवलंत?" मुलीनं, सलोनीनं विचारलं.

"मी? कुंचल्यानं? त्यापेक्षा दरोडा घातलात का, असं विचार."

सलोनी हसली. मग तिनं नखानं खरवडून पाहिलं, आणि तिचं हसू मावळलं.

चेहरा भरत गेला तसतसे डॉक्टर कमी बोलू लागले. काय चाललंय ते पेंडशांना उमगलं. मान्य मात्र होईना.

गुरुवारी दुपारी इस्पितळात बाहेर थांबलेल्या सलोनीचा फोन आला. "बाबा, लगेच या. आईचा श्वास..."

पेंडसे चपला शोधत होते. मागे खडखड झाली.

चावी भिंतीवर खिळ्यालाच होती. तरी इंजिन निघालं होतं. मागे हिरवा डबा. पुढे पुठ्ठ्याचा बोगदा.

त्यांनी इंजिन धरलं. तळवा भाजला.

"अगं, उतर! आपलं स्टेशन नाही हे!"

गाडी थांबेना.

पेंडशांनी पक्कड उचलली आणि शंभर वर्षं टिकलेली डब्याची मूळ कडी ताडकन तोडली.

इंजिन बोगद्यात शिरलं. दुसऱ्या तोंडानं बाहेर आलंच नाही.

डबा रुळावर राहिला. मधल्या खिडकीत नुसता पत्रा.

इस्पितळात श्यामलाबाई टक्क जाग्या होत्या. "असा हिसका देऊन उतरवतात का बायकोला?" त्या पुटपुटल्या.

पेंडसे हसतहसत डोळे पुसू लागले.

"पुसा नंतर. माझ्या शेजारच्या मडमबाईही उतरल्यात. बाहेर बसल्यात. परक्या गावात कुठे जातील बिचाऱ्या? घरी न्यायचंय त्यांना. आधी चहा विचारा."

बाहेर बाकावर जाळीची टोपी घातलेली एक बाई बसली होती. अंगाला मशीनच्या तेलाचा मंद वास.

"चहा?" पेंडशांनी विचारलं.

ती गोड हसली.

पेंडसे अदबीनं बाकाला वळसा घालून तिच्या पलीकडच्या बाजूला गेले. तिथूनही तोच गाल दिसत होता, तोच एक डोळा.