डावीकडे सरकत गेलेली खुर्ची

रंगमंचामागे रोज लाकडी पायऱ्या असत, नेमका तिथेच नाटकाचा नायक डोकं फुटून पडलेला सापडला. त्या दिवशी पायऱ्या दुरुस्तीला गेल्या होत्या. आता तो शुद्धीवर होता, पण मिनिटापूर्वीचं बोलणंही त्याला आठवत नव्हतं.

"पायऱ्या नाहीत हे मी दादाला बजावलं होतं," नेपथ्य सांभाळणारा धाकटा भाऊ म्हणाला.

"खोटं," वहिनी म्हणाली. "अख्खं नाटक तोंडपाठ असलेला माणूस एवढंसं विसरेल?"

पोलिसांनी हा गुंता मेंदूच्या डॉक्टरबाईंच्या गळ्यात टाकला. पडण्याआधी याची स्मरणशक्ती कशी होती? उत्तर 'उत्तम' आलं, तर भाऊ खोटा ठरून आत जाणार होता. बाई वैतागल्या. घागर फुटल्यावर तिच्यात आधी पाणी किती होतं, ते कसं सांगायचं? खापरांवरची ओल बघायची, बस.

"अडलेलं वाक्य सांगायला, प्रॉम्प्टिंगला, कोण असतं?" बाईंनी विचारलं.

"मीच," वहिनी म्हणाली. "डाव्या विंगेतून. पण यांना कधी लागत नाही."

बाई तडक रंगपटात गेल्या. भिंतीवर एकाच प्रवेशाचे वर्षावर्षांचे फोटो होते. जुन्या फोटोत नायकाची खुर्ची मधोमध होती. मग ती डावीकडे सरकत गेली होती, आणि ताज्या फोटोत विंगेला टेकली होती.

"खुर्ची कोणी हलवली?"

"वहिनीने हलवायला लावली," भाऊ म्हणाला. "दादाच्या डोळ्यांवर उजेड येतो म्हणून."

"मोठा दिवा कुठे आहे?"

"डावीकडेच," भाऊ म्हणाला आणि पुन्हा फोटोंकडे पाहू लागला.

दवाखान्यात, दादाच्या खोलीच्या दाराशी, बाईंनी वहिनीला समोर बसवलं; भाऊ शेजारीच उभा होता.

"उजेड टाळायचा तर खुर्ची उजवीकडे जायला हवी. ती तुमच्या कुजबुजीकडे येत राहिली, कारण यांची वाक्यं निसटत होती. अपघाताच्या कितीतरी आधीपासून. दिराने सांगितलं होतं आणि हे विसरले. तुम्हाला ते माहीत होतं."

वहिनीने पदर मुठीत धरला.

"ताकास तूर लागू दिली नाही मी," ती म्हणाली. "अपघात म्हटलं की लोक हळहळतात. आजार म्हटलं असतं तर म्हणाले असते, सगळं विंगेतून बायकोच बोलत होती. त्यांचं नाव राहावं म्हणून तुमच्यावर ढकललं, भावजी. आणि त्या दिवशी पायऱ्यांपाशी मी हवी होते. मी फोनवर बोलत बसले."

खरं शोधून काढल्याचा आनंद बाईंना मुळीच झाला नाही.

आत खाटेवर दादाने नाटकातलं भाषण सुरू केलं होतं. आवाज पूर्वीसारखाच खणखणीत होता. अर्ध्यावर तो अडला आणि डावीकडे पाहू लागला. तिथे नुसती भिंत होती.

वहिनीचे ओठ हलले, पण रडण्यापुढे शब्द फुटेना.

तेव्हा धाकटा भाऊ आत गेला, खाटेच्या डाव्या बाजूला वाकला आणि पुढचं वाक्य त्याने दादाच्या कानात हळूच सांगितलं.