बैठकीतून पुसलेले चौघे

गेल्या नोव्हेंबरच्या अकरा तारखेला, मंगळवारी, रात्री दहाला पाच मिनिटे कमी असताना इनोके गावाचा जनरेटर बंद करायला घरातून निघाला. गावप्रमुखाचे ते रोजचेच काम. संध्याकाळी सहाला चालू करायचा, दहाला बंद करायचा आणि विजेरीच्या उजेडात किनाऱ्याच्या वाटेने घरी यायचे.

पुढे जे झाले त्यातले काही इनोकेने स्वतः मला सांगितले, काही मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. या दोन्हींची सरमिसळ मी करणार नाही. कोणते कुठले, ते त्या त्या जागी सांगेन.

"मास्तर, आधीच सांगून ठेवते," ऐकायला बसलेली वासिती म्हणाली, "गोष्ट संपली की मला घरापर्यंत सोडायला यायचं."

तुझा नवरा शेजारीच बसला आहे की.

"हा? हा तर माझ्यामागे लपतो!"

हसा. हसून घ्या. पण तो हातातला फोन उलटा ठेव, बाई. त्या उजेडात मला तुमचे चेहरे दिसत नाहीत.

इनोकेच्या आधी गावप्रमुख होता उलायासी. जुलैत गावातली तीन मुले तापाने फणफणली होती. त्याच दिवसांत एका सकाळी सगळ्यांच्या फोनवर एक फोटो आला. उलायासी आपल्या घरात चटईवर बसला आहे. समोर यांगोनाची मुळे कुटून पाण्यात कालवलेले पेय भरलेले लाकडी पात्र, हातात भरलेली करवंटी. दुसरे कुणी नाही. खाली लिहिले होते: रात्री दोन वाजता. एकटा. मुलं का आजारी पडली ते आता कळलं.

एकट्याने यांगोना ओतणारा माणूस ती कुणाला ओततो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्याकडे एकटा माणूस चहा पितो, एकटा जेवतो. पण यांगोनाच्या पात्रापुढे एकटा बसलेला माणूस एकटा नसतोच, असे आपण मानतो. समोर सैतान बसलेला असतो. फोटो करणाऱ्याला ही समजूत पुरती ठाऊक होती. त्याने फोटोत काहीच घातले नाही. फक्त काढले.

कारण त्या बैठकीला आम्ही होतो. शनिवारची संध्याकाळ, सातचा सुमार. उलायासी, त्याचा चुलतभाऊ मनासा, पलीकडच्या वाडीतले दोघे आणि मी. फोटो इनोकेने घेतला. तो दाराशी उभा होता. आम्हा चौघांना त्याने फोनवर बोट फिरवून पुसले आणि आमच्या जागी चटईची वीण इतकी सफाईने भरली, की आम्ही तिथे कधी बसलोच नव्हतो. उलायासीनंतर प्रमुख कोण होणार, हे त्याला माहीत होते.

"पण तुम्ही चौघं तर होता ना!" वासितीचा नवरा म्हणाला. "सांगायचं की सरळ!"

मनासाला मी हेच विचारले. तो माझ्या अंगणात फोन घेऊन कितीतरी वेळ त्या फोटोकडे बघत बसला होता. शेवटी म्हणाला, "मला आठवतंय मी बसलो होतो... पण फोटोत नाहीये ना, मास्तर. ती दुसरी रात्र असेल. आपण गेल्यावर तो परत बसला असेल."

उलायासी माझ्याकडेही आला होता. पायरीखाली उभा राहिला, वर आला नाही. म्हणाला, "मास्तर, तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही बोललात तर लोक ऐकतील."

मी म्हणालो, "सकाळी बघू."

ती सकाळ मी आणली नाही. गावाविरुद्ध उभे राहायचे मला धाडस झाले नाही, आणि खरे सांगायचे तर... फोटोकडे बघता बघता मलाही वाटू लागले होते की मी त्या दिवशी बैठकीतून लवकर उठलो असेन.

त्याचे प्रमुखपद गेले. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसेना. बायको माहेरी निघून गेली. रात्री प्रवाळावर मासे मारायला आपण जोडीने जातो. त्याला जोडीदार मिळेना. ऑगस्टच्या तीन तारखेला, रविवारी पहाटे, त्याची होडी रिकामी वाहून आली. दुपारी तो सापडला. पुरायला सहा माणसे होती. मेलेल्यासाठी घालायची दहावी रात्र कुणी घातली नाही. शंभरावीही घातली नाही.

शंभरावी रात्र अकरा नोव्हेंबरला येत होती. इनोकेच्या ते लक्षात नव्हते.

आता तो सांगतो ते.

त्याने जनरेटर बंद केला. गाव एकदम काळे झाले. विजेरी लावून तो किनाऱ्याने निघाला, आणि उलायासीच्या घरात त्याला कंदील दिसला.

घर तीन महिने ओसाड होते. त्याला वाटले, उलायासीची बायको आली असेल. आतून आवाज आला, "ये, पी!"

बैठकीवरून हाक आली की पुढे जाता येत नाही. प्रमुखाला तर नाहीच. तो वाकून आत गेला. पाच माणसे बसली होती. कंदील त्यांच्या पाठीमागे होता, तोंडे अंधारात. कुणीतरी म्हणाले, "आज तू वाढ." तो पात्रामागे बसला. करवंटी बुडवली. पहिल्याला दिली.

रीतीप्रमाणे ओंजळीची एक पोकळ टाळी. तो प्यायला. मग तीन टाळ्या, सगळ्यांच्या.

दुसऱ्याला दिली.

टाळी... तीन टाळ्या.

तिसऱ्याला देताना त्याला वाटले, हा मनासा. मग त्याने बाकीच्यांकडे पाहिले. चेहऱ्यांकडे नव्हे, जागांकडे. कोण कुणाच्या शेजारी बसले आहे ते. हा क्रम त्याला पाठ होता. प्रत्येक जागेवरून त्याने बोट फिरवले होते.

चौथा प्यायला.

त्याने पाचवी करवंटी भरली. समोरून एक हात पुढे आला. मनगटापर्यंत ओला... पाणी पात्रात ठिबकत होते...



त्याने करवंटी दिली.

टाळी.

तेवढ्यात दारात लख्ख उजेड पडला.

दवाखान्यातली नर्स, केलेरा, एका बाळंतिणीकडून परत येत होती. तिने पाहिले ते एवढेच: मेलेल्याच्या घरात, त्याच्या शंभराव्या रात्री, गावप्रमुख एकटा यांगोना वाढतो आहे. फोनच्या त्याच उजेडात तिने फोटो काढला आणि बहिणीला पाठवला. "प्रार्थना कर," एवढेच लिहिले होते तिने. तिचा दोष नाही. तिने त्या फोटोत काही घातले नाही, काही काढले नाही.

उजाडेपर्यंत तो फोटो सगळ्या गावाच्या हातात होता.

यापुढचे मी स्वतः पाहिले आहे.

इनोके सभागृहात उभा राहून ओरडत होता, "पाच जणं होते! मनासा होता! मास्तर, तुम्हीही होतात, उजवीकडून दुसरे. सांगा ना यांना!"

मनासा म्हणाला, "मी घरी होतो रे. बायकोला विचार."

मी म्हणालो, "मी झोपलो होतो."

आणि मी झोपलोच होतो. इतके खरे बोलून इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

तेव्हा तो रडू लागला आणि त्याने सगळे कबूल केले. जुलैचा फोटो आपणच बिघडवला, असे म्हणाला. फोन काढून मूळ फोटो दाखवू लागला, ज्यात आम्ही पाचही होतो. फोन एका हातातून दुसऱ्या हातात फिरला. शेवटी मागून एक म्हातारी म्हणाली, "वा रे वा! आता यात माणसं घालून आणलीस होय?"

सगळे हसले. त्या हसण्याने तो जो खाली बसला, तो उठला नाही. त्या दिवसापासून त्याच्या करवंटीला कुणी टाळी दिली नाही. शनिवारी तो लंबासा शहराकडे जाणाऱ्या बसमध्ये बसला. त्याच्या शेजारची जागा रिकामीच गेली.

"आणि तेव्हा तरी तुम्ही बोललात का, मास्तर?" वासितीने विचारले. "तो मूळ फोटो खरा आहे म्हणून?"

नाही.

मी एक केले. तो गेल्यावर उलायासीच्या घरी एकटा गेलो. दिवसा, अकरा वाजता. त्याची बायको चटया बरोबर घेऊन गेली होती. उघड्या जमिनीवर तीन महिन्यांची धूळ साचली होती. भिंतीशी टेकवलेले पात्र कोरडे होते.

धुळीत, इनोकेच्या खुणेसमोर, माणसे बसल्याच्या आणखी पाच खुणा होत्या. मांडी घातलेल्या. गुडघे, घोटे, टेकलेले हात. अगदी स्पष्ट.

चार मांड्या तशा होत्या. उजवीकडून दुसरी तशी नव्हती. तिथे एकच गुडघा दुमडलेला होता. दुसरा पाय सरळ, पात्र ठेवतात त्या बाजूला लांब केलेला.

एकोणीसशे एकोणऐंशीच्या रग्बी सामन्यापासून माझा डावा गुडघा वाकत नाही. बैठकीत मी असाच बसतो. आत्ताही बसलो आहे.

मी ती खूण बुटाने पुसली. चांगली घासून पुसली. दार ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा बाकीच्या चार खुणांवर धूळ चढू लागली होती. माझी... परत उमटली होती. ताजी.