नळ धरायला या

"मारलं तिला! मारणारा ढेकर देऊन झोपतो, आन् बदनाम कोण? जी मेली ती!"

शेकोटीत लाकूड सारत अंबाजीआबा बोलले, तशी कार्ल्याची पोरं जवळ सरकली. गोष्ट ऐकीव नव्हती. आबांच्या सख्ख्या भाचीनंच सांगितली होती.

ही भाची, टाकव्याची प्रतीक्षा, लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरवर कामाला. ड्युटी सुटेपर्यंत गावाकडची शेवटची गाडी निघून गेलेली असायची, म्हणून तिनं बाजारामागं एक फ्लॅट भाड्यानं घेतला. स्वस्तात मिळाला. स्वस्त का, ते पहिल्याच आठवड्यात कळलं. गिझर लावून नळ धरला की हाताला झिणझिण्या. मालक पुण्याला. फोनवर एकच उत्तर, "शनिवारी माणूस पाठवतो." शनिवार यायचा, माणूस नाही.

गेल्या पौषातली अवस, रविवार. संध्याकाळी ती बाथरूमसाठी बल्ब आणायला निघाली, तर जिन्यात खालच्या शालूबाईंनी गाठलं.

"आज अवस हाय. बाथरूमच्या उंबऱ्यात दहीभाताचं पान ठेव आन् म्हण, बाई, जा आता."

"कोणाला म्हणू?"

शालूबाईंनी आवाज खाली घेतला. "लीलाबाईला. तुज्या आदी ऱ्हायची हितं. कामावरनं राबून आली आन् नळाला चिकटून गेली. मालक सांगत फिरतो, हार्ट अटॅक."

"मावशी, मग वायर बदलायची का तिला हाकलायचं?"

"त्याला लय सांगून झालं. म्हणला, शांत करून घ्या."

प्रतीक्षानं बल्ब आणला, लावला. पानही ठेवलं. आपल्यासारखीच राबून आलेली बाई, उपाशी का राहावी? पण 'जा' म्हणायला तिची जीभ वळली नाही.

निजण्याआधी हातपाय धुवायला तिनं गिझर लावला. रोज ती रबरी चप्पल घालूनच नळाला हात लावायची. आज उंबऱ्यात पान होतं. पानावरून चप्पल कशी न्यायची? तिनं ती बाहेर काढली. अनवाणी आत गेली.

फरशी ओली होती.

हात नळाकडे गेला.

मनगट कुणीतरी धरलं.

गार... ओला हात.

तिनं हिसका दिला. सुटेना.

खट्.

गिझरचं बटण बंद. आपोआप.

मागं कुणी नाही...

आबांनी आणखी एक लाकूड सारलं. शेकोटी तडतडली.

"आबा, मग ती पळाली?" एकानं विचारलं.

"पळंल कशाला? भाडं भरती ती!"

तिला पायाखालची ओल जाणवली. आपण काय करणार होतो, तेही कळलं.

"लीलाबाई..."

पकड सैल झाली.

"जाऊ नका. मीही जात नाही."

सकाळी तिनं मालकाला फोन केला. तो म्हणाला, "पूजा घाल, नाहीतर खोली सोड."

"खोली सोडत नाही. नळ धरायला या."

तिला बाहेर काढायला म्हणून तो खरंच आला. अख्खा जिना दारात जमला. प्रतीक्षानं सगळ्यांदेखत गिझर लावला.

"हार्ट अटॅकच होता ना? मग धरा नळ."

मालकाचा हात पुढं झाला... थांबला... खिशात गेला.

अख्ख्या जिन्यानं ते पाहिलं.

"उद्या माणूस पाठवतो," तो पुटपुटला.

"उद्या नाही. आत्ता. तोवर तुम्ही इथून हलायचं नाही."

शालूबाईंनी दारात पाट टाकला आणि त्यावर मांडी घालून बसल्या. "बगू कसा जातोय."

तासाभरात मालकानं बोलावलेला पवन वायरमन आला. वायर नवी, अर्थिंग नवं. गिझर लावून त्यानं स्वतः नळ धरून दाखवला. मग वायर ओढताना खरवडलेली बटणाशेजारची भिंत रंगवली. रंग वाळला, आणि त्यातून पाच बोटांची ओल वर आली. त्यानं दुसरा हात मारला. पुन्हा पाच बोटं.

पवननं ब्रश डब्यात टाकला.

"ऱ्हाऊ द्या, ताई. मालकापरीस हिचंच लक्ष हाय घरावर."