रिकाम्या खाटेवरचा श्वास

हे घडलेलं आहे. एस्नार्टमावशीने मला सांगितलं तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता.

मालावीच्या सरोवराकाठचा दवाखाना. पावसाळ्यातला रविवार, उघडीप पडलेली दुपार.

मावशीची धाकटी लेक फायनेसी मलेरियातून उठली होती. ताप गेला, रक्त स्वच्छ आलं. उद्या घरी. जरा दम लागतोय म्हणाली, पण आजारपणानंतर अशक्तपणा कुणाला नसतो?

शेजारची खाट रिकामी होती...

मावशी त्या खाटेकडे पाठ करूनच बसली होती. दोन पावसाळ्यांपूर्वी थोरली लेक, तियान्जाने, त्याच खाटेवर गेली. तिचाही ताप उतरला होता. गाठोडंसुद्धा बांधून झालं होतं.

बाहेर बाया न्सिमा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, घोटत भजनं गात होत्या. एकाएकी गाणं थांबलं.

आणि मागून आवाज आला...

खर्र... बुडबुड... खर्र.

पाण्याखालून कुणी श्वास ओढावा तसा.

मावशी वळली. खाट रिकामीच. चादरीला सुरकुती नाही.

"आई, घोरलीस तू आणि घाबरलीसही तूच," फायनेसी हसली. हसता हसता तिला धाप लागली.

पाठीमागच्या खाटेवरचा श्वास मधेच अडकत होता, कण्हत होता...

आईला लेकीचा श्वास ओळखू येतो हो. तियान्जानेच्या पाठीवर हात फिरवत तिने तोच शेवटपर्यंत ऐकला होता.

ती धावत डॉक्टर काम्फिंडांकडे गेली. खाटेचं काही बोलली नाही. पोरीची छाती बघा, एवढंच. उद्या सोडतोयच की तिला, असं कुरकुरत ते आले. पाठीला स्टेथोस्कोप लावला, मग पुन्हा लावला. तळाशी चरचर होती. बोटावरचं यंत्र प्राणवायू कमी दाखवत होतं. एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसांवर पांढरे ढग.

"हृदय ठीक आहे तिचं. हा मलेरियाच. रक्तातून गेला, पण फुफ्फुसांत पाणी सोडून गेला. सलाईन थांबवा, प्राणवायू लावा."

फायनेसी वाचली. चर्चमध्ये सगळ्यांनी देवाचे आभार मानले. मावशीने तर रडत रडत मानले.

पण तियान्जाने? त्याच्या चरणी गेलेला जीव अजून गुदमरतोय?

रोज संध्याकाळी मावशी गुडघे टेकते. देवा, माझ्या लेकीला त्या खाटेवरून सोडव, एवढंच मागायचं असतं. ओठांवर येतं...

मग त्या खाटेशेजारी आज कुणाची लेक निजली असेल, तिच्या आईला कोण सावध करील, ते मनात येतं.

आणि ती तशीच उठते.