रांगेबाहेरचा शिवशरण

"काय ओ, मघापास्नं एकदा माझ्याकडं बघायलाय, एकदा घड्याळाकडं... माझं टायमिंग चुकतंय का काय?"

सोलापूर स्टेशनची तिकीट खिडकी, शहात्तरचा उन्हाळा, आणि शिवशरणच्या हातातलं स्टॉपवॉच घामानं निसटता निसटता राहिलं.

वळसंगचा हा गडी मुंबईत ऑपरेशन्स रिसर्च शिकत होता. म्हणजे धंद्यात काय ठरवायचं, कधी ठरवायचं, ते गणितानं काढायचं शास्त्र. स्वतः मात्र कुठला शर्ट घालू, ते आईला विचारायचा! सुट्टीतल्या प्रोजेक्टसाठी इथं रांग मोजायला आला होता.

"मी... म्हणजे... माणसाला रांगेत किती थांबावं लागतं, ते..."

"मग उभं राहून बघा की! कडेनं काय कळणार?"

ही महानंदा. चाटी गल्लीतल्या चनमल्लप्पांची मुलगी. दर शनिवारी कुर्डुवाडीला अक्काकडं जायची. मग काय, शिवशरणचं प्रोजेक्टही शनिवारीच जोरात चालायला लागलं. रांग सरकली की तोही सरकायचा — तिच्या शेजारनं, पण रांगेबाहेरनं. ती भाजलेल्या शेंगा पुढं करायची. घेताना बोटाला बोट लागलं, की गड्याची सगळी आकडेमोड कोलमडायची.

एका शनिवारी तिच्याकडं शेंगा नव्हत्या.

"घरी आता बघायला येणार हायेत," पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली. "काय करू मी... सांगा की."

तिला काय ऐकायचं होतं, ते खिडकीतल्या क्लार्कलासुद्धा कळलं असतं. आणि आमचा शहाणा काय म्हणाला?

"ह्याचं शास्त्र हाय. समजा, दहा स्थळं येणार. पहिली तीन नुसती बघायची, नको म्हणायचं. पुढं त्या तिघांपेक्षा सरस जो पहिला येईल, त्याला हो."

"आणि चौथा... कोण येईल?"

"येईल की कोणतरी..." तो लाजून स्टॉपवॉच पुसायला लागला.

चौथा आपणच, हे त्यानं मनात पक्कं केलं होतं. परीक्षा झाली की आईला पाठवायचं.

पोरीनं शास्त्र इमानानं पाळलं. पहिल्याचं नाक, दुसऱ्याचं गाव, तिसऱ्याची मिशी... नको, नको, नको! चनमल्लप्पा भडकले. "गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस! आता पुढचा येईल तो जावई!"

पुस्तकात दहा स्थळं होती. बापाची सहनशक्ती तीनवरच संपली. चौथा आला जेऊरचा ईरप्पा, आणि सुपारी फोडूनच उठला.

शिवशरण तेव्हा मुंबईत पेपर लिहीत होता. प्रश्न नेमका तोच आला होता. पैकीच्या पैकी मार्क पडले.

दिवाळीनंतर ती त्याला तिथंच दिसली, खिडकीपाशी. हातभर हिरवा चुडा.

"महानंदा... चौथा मी येणार होतो."

"ठाऊक होतं ओ मला. म्हणून तर तिघांना घालवलं." तिनं ओठ दाबले. "एकदा... साधं 'मी हाय की' म्हणाला असता, तर पहिला यायच्या आधीच हो म्हणाले असते."

तिनं गर्दीकडं बोट दाखवलं. पांढऱ्या टोपीतला एक गडी धक्के खात खिडकीकडं सरकत होता.

"ते... आमचे. लई शिकलेले न्हाईत. पण रांगेत उभं राहतात."

गाडी आली. दोन तिकिटं घेऊन ईरप्पा पळत आला, तिची पिशवी उचलली. गाडी गेली. डब्याच्या दारातनं तिनं वळून बघितलं का, हे शिवशरणला शेवटपर्यंत कळलं नाही. डोळ्यांपुढं सगळं पाणीच होतं.

मग त्यानं घड्याळ खिशात टाकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या रांगेत शिरला. सरकत सरकत खिडकीशी पोचला.

"कुठलं?"

कुर्डुवाडी? तिथं आता कोण? जेऊर? तिथं त्याचं काय? मुंबई...?

"ओ सायेब," मागनं कुणीतरी ओरडलं, "ठरवून या की! हितं माणसं खोळंबल्यात!"

शिवशरण गुपचूप बाजूला झाला. परत रांगेबाहेर.