गाळणीची हजेरी

तीन मीटर व्यासाच्या विहिरीतून बारा लिटरची कळशी भरून वर काढली, की पाणी एक पूर्णांक सात दशांश मिलिमीटरने उतरतं. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. आमच्या पेटीला दिसतो.

पेटी म्हणजे विहिरीच्या भिंतीला ठोकलेला प्लॅस्टिकचा डबा आणि त्यातून पाण्यात सोडलेला दाब मोजणारा सेन्सर. दर दोन सेकंदांनी तो पातळी नोंदवतो आणि मोबाईलच्या नेटवर्कवरून पाठवून देतो. २०१४ साली मी डहाणूच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. घोलवडला माझा मित्र जतीन याची चिकूची वाडी आहे, तिथल्या विहिरीसाठी आम्ही दोघांनी पहिली पेटी बनवली. तिच्या आत बसून तिला चालवणारं फर्मवेअर आम्ही खुलं ठेवलं. कुणीही वाचावं, वापरावं, सुधारून परत पाठवावं. वर्षभरात ते केरळात आणि पोर्तुगालात वापरलं जाऊ लागलं.

अशा खुल्या प्रकल्पात एक यादी असते. घड्याळाचा भाग कोणाकडे, रेडिओचा कोणाकडे, बॅटरीचा कोणाकडे. ज्याचं नाव त्याला मेंटेनर म्हणतात, आणि त्याच्या होकाराशिवाय त्या भागातली एक ओळही बदलत नाही. पण माणसं नोकऱ्या बदलतात, कंटाळतात, आणि नावं तशीच राहतात. बहुतेक प्रकल्पांत सहा महिने उत्तर आलं नाही की नाव काढून टाकतात. मला ते पटत नव्हतं. नाव गेलं तरी काम राहतंच, फक्त कुणाचंच नसतं. म्हणून मी आमचा नियम लिहिला: नाव आपोआप गळणार नाही. दुसरं कुणी ‘मी घेतो’ किंवा ‘मी घेते’ असं स्पष्ट सांगेपर्यंत जबाबदारी पहिल्याच माणसाकडे राहील. आणि दर तीन महिन्यांनी, एक तारखेला सकाळी अकरा वाजता, यादीतल्या प्रत्येकाला हजेरीचा मेल जाईल. उत्तर एकच शब्दाचं. आहे.

“मयुराबेन,” जतीन म्हणाला, “लग्नसुद्धा एवढं कडक नसतं.”

एका भागाला मात्र मेंटेनर नव्हता. त्याला आम्ही गाळणी म्हणायचो. पाणी का हललं, ते ठरवणारा भाग. बादलीमुळे, पंपामुळे, की खरोखर झरा आटल्यामुळे? हे आम्हाला जमत नव्हतं. कासाच्या बाजारात आमच्या पेटीबद्दल ऐकून जयश्री नावाची एक मुलगी म्हणाली, “माझ्या सासूला विचारा. ती घरात बसून सांगते, विहिरीवर कोण आलं ते.”

कासाहून तलासरीच्या बाजूला शेअर जीपने चाळीस मिनिटं, मग वीस मिनिटं पायी. खांबपाडा. काळ्या दगडाची विहीर, पाड्यापासून थोडी खाली. जयश्रीच्या सासूबाई, धाकलीबाई, तेव्हा साठीच्या असतील. मी पेटी बसवली, मांडीवर लॅपटॉप घेऊन कट्ट्यावर बसले, आणि त्या दिवसभर पडद्यावरच्या रेषेकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. रेष वाचायला त्यांना पाव तास लागला.

“हे कळशीचं. हे बेडकाचं. हे वाऱ्याचं, धरू नको. आन जमिनीचं अजून आलं नाय.”

“जमिनीचं म्हणजे?”

“जमीन हललं तर पानी उतरत नाय, बाय. नुसता काटा येतो त्याला.” त्यांनी स्वतःच्या दंडावरून बोट फिरवून दाखवलं.

त्या भागात तेव्हा जमीन हलत नव्हती. तरी मी ते लिहून घेतलं आणि गाळणीत घातलं, हाती एकही नोंद नसताना.

त्यांची स्वतःची कळशी मात्र ओळखायला सोपी होती. त्या पहिली कळशी भरून परत विहिरीत ओतायच्या. दुसरीही. तिसरी घेऊन निघायच्या. रेष दोनदा उतरून वर यायची, तिसऱ्यांदा उतरली की उतरलेलीच राहायची. कारण विचारलं तर म्हणाल्या, “पहिलं विहिरीचं. दुसरं तिच्या आईचं. तिसरं उरलं तर आपलं.” पाड्यात दुसरं कुणी असं करत नव्हतं.

संध्याकाळी मी यादीत गाळणीपुढे त्यांचं नाव लिहिलं. ज्ञान त्यांचं होतं, मी फक्त टंकलं होतं. त्यांना विचारल्याशिवाय नाव लावणं बरोबर नाही म्हणून नियम मोठ्याने वाचून दाखवला. ती माझी चूक. जतीनने तो नियम हसण्यावारी नेला होता, बाकीच्यांनी वाचलाही नव्हता. धाकलीबाईंनी मात्र दोनदा वाचायला लावला. मग विहिरीच्या कट्ट्यावर तळहात टेकवून म्हणाल्या, “बरं. माझ्याकडं.”

त्यांच्याकडे मेल नव्हता. मग दर तीन महिन्यांनी मीच जायचे. त्या पाणी घेऊन वर येत असायच्या, डोक्यावर कळशी, आणि दाराशी थांबून हाक मारायच्या, “घे गं!” भरलेली कळशी एकटीने उतरवत नाहीत. कुणीतरी समोर येऊन हात लावायचा असतो. जयश्री यायची, कधी मी जायचे. मग मी विचारायचे, “गाळणी तुमच्याकडेच ना?”

“हाय. तू कधी घेशील?”

“घेईन की. पुढच्या वेळी.”

“तूच घे. दुसरा नको.”

मी हसायचे. गाळणी मला पूर्ण कळलेली नव्हती. जी गोष्ट आपल्याला पूर्ण कळत नाही तिच्यापुढे आपलं नाव लिहायचं नाही, अशी माझी शिस्त होती. सात वेळा मी पुढच्या वेळी म्हणाले.

२०१७च्या फेब्रुवारीत धाकलीबाई गेल्या. दोन दिवस ताप, कासाच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी यादी उघडली आणि बंद केली. नाव काढायचं तर कुणीतरी ‘मी घेते’ म्हणायला हवं होतं.

एक एप्रिलला अकरा वाजता हजेरीचे मेल गेले. अकरा वाजून चार मिनिटांनी खांबपाड्याच्या विहिरीची रेष दोनदा उतरून वर आली. तिसऱ्यांदा उतरली आणि तशीच राहिली.

जयश्रीने सासूची सवय उचलली असेल, असं मी धरलं. जुलैत पुन्हा तेच झालं. ऑक्टोबरात तेच. अधल्यामधल्या दिवसांत रेष सरळ असायची. हजेरीच्या दिवशीच तीन कळश्या, आणि गाळणी त्यांच्यापुढे नियमाप्रमाणे शब्द टाकायची: माणूस.

मी शंका एकेक करून तपासल्या. सेन्सर बदलला. शेजारी दुसरा सोडला. दोघांनी एकच आकडा दिला. हजेरीची वेळ पेटीला कळायला काही मार्गच नव्हता. हजेरी माझ्या सर्व्हरवरून जात होती, पेटीचा तिच्याशी संबंध नव्हता. २०१८च्या एक जानेवारीला मी स्वतः गेले.

विहिरीवर लोखंडी जाळी होती. पावसाळ्यात एक वासरू पडलं म्हणून बसवलेली, सहा महिने झाले होते. कुलूप गंजलं होतं. जाळीतून माझा हात जेमतेम मनगटापर्यंत जात होता.

“कुणी भरतं का इथून?” मी जयश्रीला विचारलं.

“आता बोअरिंग हाय ना, मॅडम. इथं कोण येतं?” ती पदराला हात पुसत राहिली. “आई भरतात तेवढंच.”

ती हे ज्या सुरात बोलली त्याच सुरात पुढे म्हणाली, “चहा टाकते. दूध नाय, चालेल ना?”

कट्ट्यावर कळशीच्या बुडाएवढं एक ओलं वर्तुळ होतं. ते उन्हात वाळायला अकरा मिनिटं लागली. मी मोजली.

नोव्हेंबरात जमीन हलायला लागली. डहाणू आणि तलासरीत तेव्हा राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. आधी खालून एक दबका आवाज यायचा, मग भांडी. दिवसातून दोनदा, तीनदा, कधी सातदा. लोक घरं सोडून अंगणात तंबूत झोपू लागले. पहिल्या धक्क्याची नोंद मी डहाणूला बसून पाहिली. तोवर पेट्या बसवलेल्या अकरा विहिरींच्या रेषा एकाच क्षणी बारीक थरथरल्या होत्या, आणि एकाही विहिरीचं पाणी उतरलं नव्हतं. पाण्याला काटा आला होता. गाळणीने अकराच्या अकरा नोंदींपुढे लिहिलं होतं: जमीन.

तीन वर्षांपूर्वी एका बाईने दंडावर बोट फिरवून दाखवलेली ती ओळ पहिल्याच धक्क्याला अचूक निघाली. मी खुर्चीतून उठले आणि उगाचच उभी राहिले. मोठं माणूस खोलीत आल्यावर उभं राहतात तशी.

पण धक्क्यांनंतर काही विहिरी खरोखर आटू लागल्या. कोणत्या पाड्याला पाण्याचा टँकर आधी हवा, हे कळायला पेट्या हव्या होत्या. जतीनने वर्गणी काढून चाळीस पेट्या बनवून घेतल्या. त्यातला सेन्सर नव्या जातीचा होता. त्यासाठी गाळणीत सतरा ओळी बदलायला हव्या होत्या. पोर्तुगालच्या एका मुलीने त्या लिहून, तपासून पाठवल्या. प्रकल्पाची व्यवस्था त्या स्वीकारत नव्हती. मेंटेनरचा होकार नाही.

चाळीस पेट्या जतीनच्या शेडमध्ये चिकूच्या खोक्यांशेजारी पडून राहिल्या. मार्च उजाडला. खांबपाड्याच्या वरच्या दोन पाड्यांत बायका नदीच्या पात्रात खड्डे खणून पाणी भरत होत्या.

“एक ओळ आहे, मयुरा,” जतीन म्हणाला. आता तो मयुराबेन म्हणत नव्हता. “वारलेल्या बाईचं नाव काढ, कुणाचंही लाव. नियम तूच केलायस ना?”

“म्हणूनच.”

“मग मी घेतो. झालं?”

त्याने तिथल्या तिथे आपलं नाव लावलं. पडद्यावर ते दिसलंही. त्याच क्षणी खांबपाड्याची रेष उतरली. वर आली. पुन्हा उतरली, पुन्हा वर आली. तिसऱ्यांदा उतरली. तो हजेरीचा दिवस नव्हता. लगेच पुन्हा पहिल्यापासून. दोन परत, एक घेऊन. पुन्हा. पुन्हा. आम्ही दोघं बघत राहिलो. बारा लिटर, बारा लिटर, बारा लिटर.

अर्ध्या तासाने जतीनने आपलं नाव काढलं. रेष सरळ झाली.

“मी नको आहे वाटतं तिला,” तो म्हणाला. हसायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

एक एप्रिल २०१९ला मी पहिल्या जीपने निघाले. जयश्री तंबूपाशी भांडी घासत होती. माझ्याबरोबर ती विहिरीपर्यंत आली, पण शेवटची दहा पावलं आली नाही.

“मॅडम,” ती मागून म्हणाली, “त्या घरापर्यंत येतात. दाराशी थांबतात. मी हात लावायला जाते तर मला देत नाय.” थोडं थांबून म्हणाली, “दोन वर्षं डोक्यावरच हाय त्यांच्या. दमल्या असतील.”

अकराला पाच कमी होते. जाळी तशीच, कुलूप तसंच. पाणी माझ्यापासून साडेचार मीटर खाली, काळं आणि स्थिर. त्यात जाळीचे चौकोन आणि माझं डोकं दिसत होतं.

मला भीती वाटत नव्हती. लहानपणी पहिल्यांदा दुर्बिणीतून शनीची कडी पाहिली तेव्हा वाटलं होतं तसं काहीतरी वाटत होतं. हे इथे होतंच. मला आत्ता दिसतंय.

फोन थरथरला. हजेरी गेली होती.

खाली पाण्यावर एक वर्तुळ उमटलं. काही पडलं नव्हतं. मग पाणी ओतल्याचा आवाज आला, सावकाश, एक थेंबही बाहेर न सांडणाऱ्या सवयीच्या हाताने ओतल्यासारखा.

पहिलं विहिरीचं.

दुसरं वर्तुळ. दुसऱ्यांदा ओतल्याचा आवाज.

मी तिसऱ्याची वाट पाहिली.

तिसरं वर्तुळ उमटून विरलं. ओतल्याचा आवाज आला नाही. कट्ट्याचा दगड माझ्यासमोर हळूहळू ओला झाला, गोल. मग ते ओलं वर्तुळ तिथेच राहिलं. कळशी वर उचलली गेली असावी. दोन थेंब माझ्या पायावर पडले. गार होते.

पाड्यावर कोंबडं ओरडत होतं ते थांबलं. माझ्या चेहऱ्यासमोर, साधारण एका हातावर, दमलेल्या माणसाचा श्वास चालू होता.

मला नियमाचा शब्दन् शब्द आठवत होता. माझ्यानंतर कोण, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. माझी मुलं नाहीत. जतीन चालणार नव्हता. गाळणी मला अजूनही पूर्ण कळलेली नव्हती.

वरच्या पाड्यातल्या बायका दिसत होत्या, नदीकडे निघालेल्या, रिकाम्या कळश्या घेऊन.

मी दोन्ही हात वर केले, कळशीच्या काठाएवढ्या अंतरावर धरले.

“द्या, धाकलीबाई,” मी म्हणाले. “मी घेते.”