चार्ज शंभर, तब्येत एकतीस

ही घटना खरी आहे. ज्यांना कमेंटमध्ये अक्कल पाजळायची असेल त्यांनी इथूनच वाट धरावी. माझ्यासोबत घडलंय... अजून घडतंय.

मी लॅपटॉप दुरुस्त करतो, जुने विकतो. गेल्या महिन्यातला मंगळवार, दुपारचे पावणेचार. रात्रबित्र काही नव्हती.

त्याआधी दोन आठवडे एक रिटायर झालेले गुरुजी बायकोबरोबर दुकानात आले होते. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता. त्यांनी टाइप करायचं आणि लॅपटॉपने ते बोलून दाखवायचं, यासाठी त्यांना तो हवा होता.

"घरीच वापरायचाय," बाई म्हणाल्या. "पण लाइट गेली तर तास-दोन तास टिकेल ना?"

मी स्क्रीनवर बोट ठेवलं. "बघा की! बॅटरी शंभर टक्के."

तो शंभर म्हणजे त्या वेळचा चार्ज. बॅटरीची तब्येत, म्हणजे मुळात तिच्यात किती जोर उरलाय, ती वेगळी बघावी लागते, आणि ती होती एकतीस टक्के. मला माहीत होतं. पण आमच्या धंद्यात बरेच जण असंच दाखवतात. मला एकट्यालाच कशाला फासावर लटकवता?

त्या मंगळवारी बाई एकट्याच आल्या. लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

"लाइट गेली होती. मी स्वयंपाकघरात होते. त्यांना श्वास घेता येईना... त्यांनी 'लवकर ये' लिहिलं, पण बोलून दाखवायच्या आधीच हा बंद पडला. मी आले तोवर सगळं संपलं होतं. चार मिनिटं टिकला तुमचा शंभर टक्के."

मी "दुसरा देतो" असं काहीतरी बरळलो.

"हाच राहू दे. तुम्हाला," एवढं बोलून त्या गेल्या.

मी बॅटरी काढून भंगाराच्या डब्यात टाकली. चार्जर लावलेला नव्हता. लॅपटॉप फळीवर ठेवला, पाठ फिरवली...

"लवकर ये."

सपाट, मशिनचा आवाज.

मी रेडिओ बंद केला. दुकानात चिटपाखरू नव्हतं.

"लवकर ये."

झाकण उघडलं. स्क्रीन... आईशपथ सांगतो, काळी ठिक्कर!

मी ओरडायला तोंड उघडलं...

आवाजच फुटला नाही.

तो आजतागायत फुटलेला नाही. तीन डॉक्टर झाले. घसा ठणठणीत आहे म्हणतात, मेले. बायको आधी म्हणाली, "बरंय, घरात जरा शांतता!" आता रडते.

टाइप करून बोलावं म्हटलं, तर फोन मुका. दुकानातले अकराच्या अकरा लॅपटॉप मुके. मी लिहिलेलं बोलतो तो फक्त गुरुजींचा. त्यात नवी कोरी बॅटरी घातली. सकाळी तब्येत बघितली... एकतीस.

दुसरी घातली. एकतीस.

तिसरीचं सांगत बसत नाही.

"गुरुजी, माझी चूक झाली." शेकडो वेळा लिहून झालंय. तो माझं सगळं वाचून दाखवतो. हे एक वाक्य वाचत नाही.

आत्ता पावणेचार वाजलेत. मी पलंगावर, लॅपटॉप मांडीवर. सकाळपासून छाती दाटलीये, उठवत नाही. चारला आमच्या भागातली लाइट जाणार, असा मेसेज आलाय.

बायकोला इथेच बस म्हणून दोनदा लिहिलं.

"दूध ठेवलंय गॅसवर, आलेच," ती स्वयंपाकघरातून म्हणाली.

स्क्रीनच्या कोपऱ्यात बॅटरी शंभर टक्के दाखवतेय.